अंगणात गेलेली शाळा

बालशिक्षण ही सुखवस्तूंची हौस आहे, असा समज आपल्या समाजात फार काळ रुजलेला होता. पोट भरलेल्यांनीच खेळणी आणि बालगीते यांचा विचार करावा, गरिबांच्या मुलांना चार अक्षरे आली तरी पुष्कळ झाले, असे त्यामागचे गणित होते. हे गणित ज्यांनी प्रत्यक्ष कृतीने खोटे ठरविले, त्यांत ताराबाई मोडक यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

१८९२ साली जन्मलेल्या ताराबाई प्रार्थना समाजाच्या सुधारकी वातावरणात वाढल्या आणि १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. वैवाहिक जीवनात त्यांच्या वाट्याला विभक्तपणा आला. त्या काळी हे एका स्त्रीचे सामाजिक अस्तित्व संपविण्यास पुरेसे होते. ताराबाईंनी मात्र राजकोट येथील स्त्री-अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले. तेथे स्थैर्य होते, मान होता. असे असूनही १९२३ साली ते पद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाल्या.

वकिली सोडून शिक्षक झालेल्या गिजुभाईंनी १९२० साली तेथे बालमंदिर सुरू केले होते. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममधील सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत जो प्रयोग केला, त्याचे तत्त्व त्यांनी उचलले होते. मूल म्हणजे रिकामे भांडे नव्हे. ते हातांनी, डोळ्यांनी, कानांनी स्वतःच शिकत असते. शिक्षकाने योग्य साधने आणि मोकळीक द्यावी व आपण थोडे बाजूला व्हावे, असे ते तत्त्व. शिक्षा नाही, बक्षीस नाही, स्पर्धाही नाही. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे मुंबईस परतल्यावर ताराबाईंनी १९३६ साली दादरला शिशुविहार उभारले. मध्यमवर्गीय पालकांना त्याचे महत्त्व पटले. येथेच थांबल्या असत्या, तरी त्या थोर शिक्षणतज्ज्ञ म्हणून गणल्या गेल्या असत्या.

परंतु शहरातील चार भिंतींत जे सिद्ध झाले, ते खेड्यात टिकेल काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या आणि १९९२ साली मृत्यू येईपर्यंत हे कार्य त्यांनी सोडले नाही. १९५७ साली केंद्र कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या वस्तीलगत नेण्यात आले.

ताराबाईंची खरी प्रतिभा येथे दिसते. परदेशी बनावटीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. तेव्हा शिंपले, बिया, खडे, पाने, माती हीच साधने झाली. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी पालकांच्या अज्ञानाला दोष दिला नाही. शाळा फुकट असली, तरी गरिबाला ती फुकट पडत नाही. मोठे मूल शाळेत बसले, तर धाकट्याला कोण सांभाळणार आणि गुरे कोण राखणार? त्या कुटुंबाच्या दृष्टीने शिक्षणाची खरी किंमत ही होती. म्हणून बालवाडीच मुलांच्या अंगणात गेली, ती अंगणवाडी. गुराख्यांमागे कुरणात गेली, ती कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडीही याच विचारातून जन्मली. मुलाने शाळेसाठी बदलावे, ही अपेक्षा टाकून देऊन त्यांनी शाळेला मुलासाठी बदलावयास लावले.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण किताब मिळाला. १९७३ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचले.

नाव पोहोचले, तत्त्व पोहोचले काय? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन वर्षांपासूनच्या बालकाला शिक्षणाच्या आराखड्यात स्थान दिले, हे स्वागतार्हच आहे. पण ज्या सेविकेने हे शिक्षण द्यावयाचे, तिच्या श्रमाला आजही वेतन न म्हणता मानधन म्हटले जाते. दुसरीकडे, पैसे मोजणाऱ्या पालकांच्या मागणीखातर तीन वर्षांच्या कोवळ्या बोटांत पेन्सिल कोंबली जाते आणि तिलाच प्रगती समजले जाते. एकीकडे काटकसर, दुसरीकडे घाई. आणि दोन्हीकडे मूल मात्र विसरलेले. कोसबाडच्या टेकडीवर शिंपले मोजीत बसलेल्या वारली मुलाला जी मोकळीक मिळाली, ती आज किती बालकांच्या वाट्याला येते, याचा हिशेब समाजाने एकदा मांडावयास हवा.