बेगम रुकय्या : दारोदार फिरून मुली गोळा करणारी बाई

बेगम रुकय्या सखावत हुसैन यांचं नाव आपल्याकडे फार कमी घरांत घेतलं जातं. बांगलादेशात मात्र 9 डिसेंबरला ‘रुकय्या दिन’ पाळतात. त्यांचा जन्म आणि इंतकाल दोन्ही याच तारखेचे.

1880 साली रंगपूर जिल्ह्यातल्या पैराबंद गावी एका जमीनदार घराण्यात त्या जन्मल्या. मुलींनी अरबी, थोडी उर्दू शिकावी, बस्स. बंगाली किंवा इंग्रजीला घरात मनाई. मग रात्री सगळे झोपले की थोरले भाऊ इब्राहीम साबिर मेणबत्तीच्या उजेडात लहान बहिणीला शिकवायचे.

लग्न भागलपूरच्या सखावत हुसैन यांच्याशी झालं. ते डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते, वयाने बरेच मोठे, पण बायकोने शिकावं, लिहावं असं मनापासून वाटणारे. दोन मुली झाल्या, दोन्ही तान्ह्या असतानाच गेल्या. 1909 मध्ये पतीचंही निधन झालं. मुलींच्या शाळेसाठी त्यांनी दहा हजार रुपये मागे ठेवले होते. रुकय्यांनी त्याच वर्षी भागलपूरला पाच मुलींची शाळा काढली. पण सासरच्या मालमत्तेच्या वादामुळे त्यांना गाव सोडावं लागलं. 16 मार्च 1911 ला कलकत्त्यात वलीउल्लाह गल्लीत शाळा पुन्हा सुरू झाली, आठ मुलींवर.

स्वतः कधी शाळेत गेलेल्या नव्हत्या. म्हणून शहरातल्या इतर मुलींच्या शाळांत जाऊन वर्ग कसा चालतो ते त्यांनी पाहून घेतलं. मग घरोघर जाऊन आईबापांना समजावलं : मुलगी पाठवा, पर्द्याची जबाबदारी माझी. त्यासाठी चारही बाजूंनी बंद गाडी केली, तर आत अंधारात, उकाड्यात पोरी बेशुद्ध पडू लागल्या. झडपा काढून पडदे लावले, तर पडदे वाऱ्याने उडतात म्हणून तक्रारीची पत्रं आली. टीका दोन्हीकडून झाली, पण त्यांनी शाळा बंद केली नाही.

1916 मध्ये त्यांनी ‘अंजुमन-ए-ख्वातीन-ए-इस्लाम’ स्थापन केली. इथे काम करणाऱ्या बायका पगारी नव्हत्या. विधवांना पैशाची मदत, गरीब मुलींची लग्नं, वस्तीतल्या बायकांना अक्षरओळख, शिवणकाम, बाळाची निगा आणि स्वच्छता, अशी कामं त्या करायच्या. आजवर उंबरठ्याबाहेर न पडलेल्या बायकांना दुसऱ्याच्या घरी मदतीला नेणं हे सोपं काम नव्हतं. एकेकीला पुन्हा पुन्हा भेटून त्यांनी ते जमवलं. ज्या मदतीला गेल्या त्यांचंही जग मोठं झालं.

9 डिसेंबर 1932 च्या पहाटे त्या अल्लाहला प्याऱ्या झाल्या, वय 52. टेबलावर स्त्रियांच्या हक्कांवरचा लेख अर्धवट पडला होता. त्यांची शाळा आजही कोलकात्यात सुरू आहे.

खिदमत म्हटली की आपल्याला आधी चंद्याची पावती आठवते. पैसा हवाच, पण रुकय्यांनी आपला वेळ दिला. आपल्या मोहल्ल्यात शाळा सुटलेली एखादी मुलगी असेल, नवरा गेलेली एखादी ताई असेल. आठवड्यातून दोन तास मुलीचा अभ्यास घ्यावा, ताईचा निराधार पेन्शनचा अर्ज भरून तहसीलला सोबत जावं. एवढं तर प्रत्येक घराला जमेल. अल्लाह त्यांची मगफिरत करो आणि आपल्याला तौफीक देवो. आमीन.