हाफकिन : लस दिली, ठपका मिळाला

सर्पदंशावरील प्रतिविष आणि पोलिओचे डोस यांमुळे परळच्या हाफकिन संस्थेचे नाव घरोघरी माहीत झाले. पण ज्यांचे नाव या संस्थेला दिले आहे, त्या वाल्डेमार हाफकिन यांनाच एकेकाळी येथून ठपका घेऊन बाहेर पडावे लागले होते.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांचे ते विद्यार्थी. ज्यू असल्यामुळे रशियात प्राध्यापकपदाची वाट बंद होती. अखेर ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पोहोचले आणि तेथील ग्रंथालयात मिळालेली साधी नोकरी त्यांनी पत्करली. फावल्या वेळात प्रयोगशाळेत काम करून त्यांनी पटकीवरील लस तयार केली आणि जुलै १८९२ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते कलकत्त्याला आले आणि हजारो लोकांना त्यांनी ही लस दिली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला. सरकारने हाफकिन यांना बोलावून घेतले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढीच सामग्री मिळाली. तेथे प्लेगचे जंतू वाढवून, उष्णतेने मारून त्यांनी लस बनवली. १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई त्यांनी स्वतःलाच टोचली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर चाचणी झाली. लस न घेतलेल्यांच्या तुलनेत लस घेतलेल्यांमध्ये प्लेगचे प्रमाण बरेच कमी आढळले. मागणी वाढत गेली आणि १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग प्रयोगशाळा सुरू झाली.

तरीही सरकारी वैद्यकीय सेवेतील अनेकांच्या दृष्टीने हाफकिन उपरेच होते. ते डॉक्टर नव्हते आणि इंग्रजही नव्हते. काम सरकारचे, जबाबदारी सगळी त्यांची. पण व्यवसायबंधू म्हणून पाठीशी उभे राहणारे फार थोडे होते. संकट आले तेव्हा ही उणीव भोवली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. त्या दिवशी पाच बाटल्या उघडल्या होत्या. हे १९ही जण ५३-एन या एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. बाटली परळहून आली होती. लस जंतुरहित राहावी म्हणून तीत कार्बोलिक आम्ल घालण्याची पद्धत होती. वाढती मागणी पुरवण्यासाठी प्रयोगशाळेने ते वगळून केवळ उष्णतेवर भर दिला होता. चौकशी समितीने बाटली परळमध्येच दूषित झाली असावी, असा निष्कर्ष काढला. हाफकिन यांना संचालकपदावरून दूर करून बिनपगारी रजेवर पाठवण्यात आले. १९०४ मध्ये त्यांनी भारत सोडला.

वस्तुतः समितीपुढेच एक महत्त्वाची साक्ष झाली होती. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच बुचाला लावला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय ते बंद बाटलीत कित्येक आठवडे वाढत असते, तर बाटली उघडताच दुर्गंधी आली असती. तशी दुर्गंधी आली नव्हती. जंतुशास्त्र जाणणाऱ्याला या दोन गोष्टींचा अर्थ लागला असता; पण निकाल देताना त्यांना वजन मिळाले नाही.

हाफकिन यांनी आपली बाजू चिकाटीने मांडत ठेवली. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटने पुरावे पुन्हा तपासले. मलेरियाच्या संशोधनासाठी नोबेल मिळवणारे रोनाल्ड रॉस यांनी हा विषय लावून धरला. जुलै १९०७ मध्ये त्यांच्यासह अनेक नामवंत जंतुशास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून आरोप निराधार असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी सरकारने त्यांना पुन्हा सेवेत घेतले.

मात्र परळचे पद त्यांना परत मिळाले नाही. नेमणूक कलकत्त्याला झाली आणि तीही लशींच्या चाचण्यांची मुभा न देता. ज्या कामात त्यांचा हातखंडा होता, तेच काम हातातून गेले होते. १९१४ मध्ये ते निवृत्त झाले. हाफकिन यांच्या चौकशीचा निकाल लागायला काही महिने पुरले, तो चुकीचा होता हे मान्य व्हायला मात्र चार वर्षांहून अधिक काळ गेला. सार्वजनिक आरोग्यसेवेत चूक घडली तर ती नेमकी कुठे घडली, हे त्या कामातील जाणकारांकडून तपासून घेणे रुग्णांसाठीही तितकेच आवश्यक असते. दोष परळवर टाकल्याने गावोगावी लस टोचताना घ्यायच्या काळजीकडे दुर्लक्ष होण्याचा धोका होता.

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. तेव्हा ते हयात होते, पण युरोपात. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.