एमपी-थ्रीमागचा फ्रेंच गणिती

घरच्या संगणकावर एमपी-थ्री गाणे लावणाऱ्याला जोसेफ फूरिये हे नाव ठाऊक असतेच असे नाही. फ्रान्समधील ओसेर गावी २१ मार्च १७६८ रोजी एका शिंप्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. वयाची दहा वर्षे पुरी होतात न होतात तोच ते पोरके झाले. राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९४ साली तुरुंगवास भोगला, १७९८ मध्ये नेपोलियनबरोबर इजिप्त गाठले आणि पुढे ग्रनोबल येथे प्रशासक म्हणून वर्षे काढली.

दप्तरी कामातून वेळ काढून ते उष्णतेच्या वहनाचा अभ्यास करीत. कितीही वेडावाकडा आलेख साध्या तरंगांच्या बेरजेतून मांडता येतो, हा विचार त्यांनी १८०७ साली पॅरिसच्या विद्वानांपुढे ठेवला. लाग्रांजसारख्या दिग्गजाला तो पटला नाही. १८१२ मध्ये पारितोषिक मिळाले, तेही सिद्धतेच्या काटेकोरपणाविषयी नाराजी नोंदवून! ग्रंथ निघायला १८२२ साल उजाडले.

याच विचाराच्या वंशातले गणित आज गाण्यात आहे. सीडीच्या दर्जाची वेव्ह फाइल ध्वनीची सेकंदाला ४४,१०० मोजमापे जशीच्या तशी साठवते. म्हणून ती अवजड. एमपी-थ्री मात्र ध्वनी निरनिराळ्या कंप्रतांत विभागते, कानाला जाणवणार नाही तो तपशील गाळते. ऑग व्हॉर्बिस आणि एएसीची रीतही हीच. ऐकताना प्लेअर उरलेले भाग पुन्हा जुळवतो.

फूरिये १६ मे १८३० रोजी पॅरिसमध्ये निवर्तले. एडिसनचा फोनोग्राफ अवतरायला तेव्हा ४७ वर्षे अवकाश होता.