अब्दुल हलीम शरर : इतिहासाची गोष्ट सांगणारे मौलाना

आपल्याकडे आजही ज्या घरात उर्दू वाचली जाते, तिथे आजोबांच्या कपाटात एखादी जुनी, पानं पिवळी पडलेली ऐतिहासिक कादंबरी हमखास सापडते. उर्दूत या कादंबरीचा पाया ज्यांनी घातला, ते मौलाना अब्दुल हलीम शरर. नव्या पिढीतल्या मुलांना हे नाव फारसं माहीत नाही, म्हणून हा थोडक्यात परिचय.

शरर यांचा जन्म 1860 चा, लखनौचा. त्याच्या चार वर्षं आधी, 1856 मध्ये, इंग्रजांनी अवधचं राज्य खालसा केलं होतं. नवाब वाजिद अली शाह यांनी मग कलकत्त्याजवळ मटिया बुर्ज इथे दुसरं छोटं लखनौच वसवलं. शरर यांचे वालिद हकीम होते आणि नवाबांच्या पदरी नोकरीला होते. नऊ वर्षांचा अब्दुल हलीम तिथे गेला आणि त्याच वातावरणात वाढला. राज्य गेलेलं, पण दरबाराची अदब, शेरोशायरी, नवाबांचा प्राणिसंग्रह हे सगळं शिल्लक होतं. गेलेल्या काळाच्या गोष्टी तो रोजच ऐकत होता. पुढे आयुष्यभर त्यांनी जे लिहिलं, त्याची सुरुवात इथेच झाली असं मला वाटतं.

तरुणपणी लखनौला परतल्यावर ते मुन्शी नवल किशोर यांच्या 'अवध अखबार'मध्ये काम करू लागले. बंकिमचंद्रांच्या 'दुर्गेशनंदिनी'चं त्यांनी इंग्रजीवरून उर्दूत भाषांतर केलं. 1887 मध्ये स्वतःचं 'दिलगुदाज' हे मासिक काढलं. याच सुमारास सर वॉल्टर स्कॉट यांची 'टॅलिस्मन' ही कादंबरी त्यांच्या वाचनात आली. सलीबी युद्धांवरच्या या पुस्तकात मुसलमानांचं जे चित्र आहे, ते त्यांना बोचलं. त्यांनी भाषणबाजी केली नाही, कादंबरीला कादंबरीनेच उत्तर दिलं. 1888 ची 'मलिकुल अज़ीज़ वर्जिना' हे ते उत्तर. सुलतान सलाहुद्दीन यांचा मुलगा तिचा नायक. वाचक अक्षरशः पुढच्या अंकाची वाट बघत. थोड्याच वर्षांनी आपल्या मराठीत हरिभाऊ आपटेही 'करमणूक'मधून 'उषःकाल' अशीच क्रमशः देत होते.

पण त्यांची सगळ्यात गाजलेली कादंबरी वेगळीच आहे. 1899 ची 'फिरदौस-ए-बरीं'. हुसैन नावाचा एक सरळमार्गी तरुण. त्याला जन्नतची लालूच दाखवून, डोळे झाकून हुकूम मानायला लावलं जातं. शेवटी तो आपल्या उस्तादांचाच खून करतो. ती जन्नत म्हणजे अलमूतच्या डोंगरी किल्ल्यातली बनावट बाग निघते. पहिल्या कादंबरीत शरर यांनी परक्यांना जाब विचारला होता. इथे ते आपल्याच माणसांना विचारतात, की दीनचं नाव घेऊन कुणी तुमच्या मुलाची अक्कल गहाण टाकून घेतली तर तुम्ही काय कराल? सव्वाशे वर्षं झाली, हा सवाल जुना झालेला नाही.

मात्र एक गोष्ट शिक्षक म्हणून सांगायलाच हवी. अलमूतच्या त्या बागेची कहाणी ही बरीचशी विरोधकांनी आणि प्रवाशांनी पसरवलेली दंतकथा आहे, असं आजचे इतिहासकार मानतात. त्यामुळे ही कादंबरी वाचून कुठल्याही जमातीबद्दल मत बनवणं चूक ठरेल. हाच नियम टीव्हीवरच्या मालिकांनाही लागू. मुलं वर्गात येऊन मालिकेतला प्रसंग इतिहास म्हणून सांगतात, तेव्हा मी त्यांना एवढंच विचारतो की हे कुठे लिहिलंय, कोणी लिहिलंय, कधी लिहिलंय.

शरर नुसतेच भूतकाळात रमणारे नव्हते. स्त्रियांवरच्या कडक पडद्याविरुद्ध त्यांनी 1900 मध्ये 'पर्दा-ए-इस्मत' हे नियतकालिक काढलं आणि बोलणी खाल्ली. मधली काही वर्षं हैदराबादला नोकरी केली, इंग्लंडही पाहून आले.

1913 पासून त्यांनी 'दिलगुदाज'मध्ये लखनौवर लेखमाला सुरू केली. तीच पुढे 'गुज़िश्ता लखनऊ' म्हणून प्रसिद्ध झाली. त्यात लढाया कमी आणि पुलाव, शीरमाल, पतंग, कबुतरं, कपडे, सलाम करण्याच्या तऱ्हा जास्त. फक्त उडदाची डाळ शिजवायला ठेवलेल्या आचाऱ्याची गोष्टही त्यात आहे. बोलावल्यावर नवाब लगेच जेवायला आले नाहीत, म्हणून त्याने हंडी एका वाळलेल्या झाडाच्या बुंध्याशी ओतली आणि नोकरी सोडून चालता झाला. ते झाड म्हणे पुन्हा हिरवं झालं! झाडाचं खरं की खोटं, अल्लाह जाणे. पण आचाऱ्यालाही आपल्या हुन्नरचा किती अभिमान होता, हे त्यातून कळतं.

1926 मध्ये शरर यांचं निधन झालं. त्यांच्या बऱ्याच कादंबऱ्या आज कुणी वाचत नाही, पण 'गुज़िश्ता लखनऊ' मात्र अभ्यासकांनाही लागतं, त्याचं इंग्रजी भाषांतरही झालंय. ऐकलेलं, पाहिलेलं त्यांनी वेळीच लिहून ठेवलं, म्हणून ते राहिलं. आपल्या गावातल्या, मोहल्ल्यातल्या, दादी-नानीच्या स्वयंपाकघरातल्या गोष्टी कोण लिहून ठेवणार? येत्या सुट्टीत मुलांच्या हातात एक वही द्या आणि त्यांना आजीजवळ बसवा.