आकड्यांपलीकडे पाहणारी एडा

कवी आणि गणिती एका घरात नांदू शकत नाहीत, असा आपल्याकडे समज आहे. एडाच्या घरात तर ते खरोखरच नांदले नाहीत. १० डिसेंबर १८१५ रोजी लंडनमध्ये तिचा जन्म झाला. वडील लॉर्ड बायरन, इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना चांगलेच परिचित असलेले कवी. आई अ‍ॅनाबेला, गणिताची आवड असलेली, शिस्तीची. एडा जेमतेम महिन्याची असताना आई तिला घेऊन माहेरी गेली. त्याच वर्षी बायरनने इंग्लंड सोडले ते कायमचेच. १८२४ मध्ये तो ग्रीसमध्ये वारला तेव्हा एडा आठ वर्षांची होती.

वडिलांचा लहरी स्वभाव मुलीत उतरू नये म्हणून आईने तिला लहानपणीच गणिताला जुंपले. कल्पनाशक्ती हा जणू रोग आणि गणित हे त्यावरचे औषध! पण रोग काही हटला नाही. बाराव्या वर्षी एडाने उडण्याचे यंत्र बनवायचा ध्यास घेतला आणि त्यासाठी पक्ष्यांचे पंख अभ्यासले. पुढे गोवराच्या आजाराने ती अंथरुणाला खिळली, कितीतरी दिवस कुबड्या घेऊन चालली. अभ्यास मात्र सुटला नाही.

जून १८३३ मध्ये, सतरा वर्षांची असताना, तिची चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाशी ओळख झाली. दातेरी चाकांनी आकडेमोड करणाऱ्या त्याच्या यंत्राचा एक भाग तिने पाहिला आणि तिला त्याचे वेडच लागले. यंत्रावरील व्याख्यानांना ती आईबरोबर जाऊन बसे. १८३४ मध्ये दोघींनी इंग्लंडमधील कारखाने पाहिले. तेथे त्यांना जकार्डचे माग दिसले. विज्ञानात नवे काय घडते आहे याची अशी ओढ असतानाच तिला संगीताचेही वेड होते, ती हार्प हे तंतुवाद्य वाजवीत असे. एक आवड दुसरीच्या आड येते, असे तिला कधी वाटले नाही.

१८३५ मध्ये तिचा विवाह झाला. पती पुढे लव्हलेसचे अर्ल झाले आणि ती लेडी लव्हलेस झाली. तीन मुले झाली. त्या काळी इंग्लंडमधील विद्यापीठांची दारे स्त्रियांना बंद होती. तेव्हा एडाने ऑगस्टस डी मॉर्गन या गणितज्ञाकडून मुख्यतः पत्रांद्वारे शिक्षण घेतले. हे डी मॉर्गन जन्माने आपल्या मदुराईचे!

दरम्यान बॅबेजच्या मनात एक मोठे यंत्र आकार घेत होते : अ‍ॅनालिटिकल एंजिन. त्यात संख्या साठवण्यासाठी एक कोठार आणि गणित करण्यासाठी एक गिरणी अशी दोन अंगे होती. यंत्राला हुकूम द्यायचा तो भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांनी. ही युक्ती त्याने मागावरून घेतली होती.

येथे थोडे घरचे सांगते. आमच्या येवल्याकडे पैठणीच्या मागांवर जकार्ड बसवलेले असते. पुठ्ठ्यावर जेथे भोक असेल तेथील उभे धागे उचलले जातात, मग धोटा फिरतो. एक पुठ्ठा, एक ओळ; अशा शेकडो ओळींतून वेलबुट्टी उमटते. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. पण संगणकाचे मूळ तत्त्व वडिलांच्या डोक्यावर टांगलेले होते, हे मला एडाचे चरित्र वाचल्यावर कळले.

बॅबेजच्या यंत्रावर मेनाब्रेआ या इटालियन अभियंत्याने १८४२ मध्ये फ्रेंच भाषेत लेख लिहिला. एडाने त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि स्वतःच्या टिपा जोडल्या. १८४३ मध्ये ते प्रसिद्ध झाले तेव्हा टिपा मूळ लेखाच्या सुमारे तिप्पट भरल्या होत्या. लेखिकेच्या नावाच्या जागी होती फक्त आद्याक्षरे! शेवटच्या टिपेत बर्नूली संख्या यंत्राकडून कशा काढून घ्याव्यात याची पायरीवार मांडणी आहे. तिलाच अनेकजण जगातली पहिली संगणक आज्ञावली म्हणतात. त्या मांडणीत बॅबेजचा वाटा किती, यावर अभ्यासकांत वाद आहे.

पण एका गोष्टीचे श्रेय निर्विवाद तिचेच. बॅबेजचे लक्ष आकड्यांवर होते. एडाने ओळखले की स्वरांमधील संबंध नियमांत मांडता आले, तर हेच यंत्र संगीतही रचू शकेल. हे तिला सुचले ते केवळ गणित येत होते म्हणून का? जिच्या बोटांना स्वरांची सवय होती, तिलाच हे सुचणार! यंत्र आपण होऊन नवे काही निर्माण करीत नाही, सांगितले तेवढेच करते, असेही तिने बजावले. १९५० मध्ये अ‍ॅलन ट्युरिंगने या मताचा नाव घेऊन प्रतिवाद केला. आज यंत्रे गाणी रचतात, चित्रे काढतात, तरी तो वाद मिटलेला नाही.

तिचे पुढचे आयुष्य सुखाचे गेले नाही. बॅबेजचे यंत्र पैशाअभावी कागदावरच राहिले. घोड्यांच्या शर्यतींवर एडाने पैसे लावले, कर्ज झाले, घराण्याचे हिरे गहाण पडले. कर्करोगाने २७ नोव्हेंबर १८५२ रोजी, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी ती गेली. बायरनही छत्तिसाव्या वर्षीच गेला होता. तिच्या इच्छेनुसार हकनॉल येथील चर्चमध्ये तिला वडिलांशेजारी ठेवण्यात आले. ज्या कवीपासून तिला आयुष्यभर दूर ठेवले, त्याच्याजवळ ती अखेर पोहोचली. १९७९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने एका संगणकभाषेला ‘एडा’ हे नाव दिले.

मित्रमैत्रिणींनो, वाचनालयात वर्तमानपत्र चाळताना संगणकाची बातमी आली की आपण पान उलटतो आणि नाटक-सिनेमाकडे वळतो. ते विज्ञान शाखेचे काम, आपले नव्हे, अशी आपली समजूत! परंतु यंत्राने गावे काय, लिहावे काय आणि कोणासाठी, हे प्रश्न साहित्य-संगीत जाणणाऱ्यांनी विचारायचे नाहीत तर कोणी? एडाने ते यंत्र तयार होण्यापूर्वीच विचारले होते. आपण निदान ते पान तरी वाचू या.