मूठभर भिक्षा

दासनवमी आली की वरंध घाटाच्या पायथ्याची, महाड तालुक्यातील शिवथरघळ आम्हांस आठवते.

शके १५३० च्या रामनवमीस जांब गावी ठोसरांच्या घरी नारायणाचा जन्म झाला. नाशिकजवळ टाकळीस बारा वर्षे तप आणि पुढे बारा वर्षे तीर्थाटन करून श्रीसमर्थ कृष्णाकाठी आले. इ. स. १६४८ मध्ये त्यांनी चाफळास श्रीराम स्थापिला. पुढे याच घळीत त्यांनी दासबोध सांगितला व कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. विस्मृतीत गेलेली ही घळ १९३० मध्ये धुळ्याच्या शंकरराव देवांनी उजेडात आणली. शके १६०३ च्या माघ वद्य नवमीस समर्थांनी सज्जनगडावर देह ठेवला.

दासबोधाच्या चौदाव्या दशकात भिक्षेचे स्वतंत्र निरूपण आहे. गृहस्थाने पुष्कळ आणून पुढे ठेविले तरी त्यातील मूठभरच घ्यावे, हा समर्थांचा दंडक. त्यामुळे देणाऱ्यावर भार पडत नाही, घेणाऱ्यास लोभ जडत नाही आणि अनेक घरांशी नाते जुळते. भिक्षेच्या निमित्ताने माणसे पारखावीत, हाही त्यातील हेतू.

आम्ही मात्र नैवेद्याची पक्वान्ने मोजतो, आणि ज्याच्या घरी ती नाहीत तो देवापुढे संकोचतो. हा संकोच व्यर्थ आहे. अर्पणाचे मोल ताटावर नसून हात सैल होण्यात आहे. आज नैवेद्य दाखविताना दारी येणाऱ्यासाठी एक मूठ बाजूस काढावी. समर्थांची पूजा तेथेच पूर्ण होईल.