पंडिता रमाबाई : दुःखातही न थांबलेली उपासना



सोलापूरहून रेल्वेने पुण्याला जाताना दौंड ओलांडलं की केडगाव स्टेशन लागतं. तिथलं मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंविषयी आज जाणून घेऊया. समाजसुधारक म्हणून त्यांची ओळख आपण मुलांना करून देतोच. पण एवढ्या दुःखात त्यांची भक्ती कशी टिकली, हे सांगायचं बहुतेक वेळा राहून जातं.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. आईनेच रमाबाईंना संस्कृत शिकवलं. हे कुटुंब तीर्थक्षेत्री फिरून पुराणं सांगायचं. पुढे दुष्काळ पडला. व्रतं, उपवास, दानधर्म सगळं झालं, तरी अन्न मिळेना. १८७४च्या सुमारास थोड्याच महिन्यांत वडील, आई आणि मोठी बहीण गेली. भाऊ श्रीनिवासबरोबर पायी हिंडत त्या कोलकात्याला पोहोचल्या. तिथे पंडितांनी त्यांचा गौरव केला. पण १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं आणि १८८२ मध्ये कॉलऱ्याने त्यांचाही मृत्यू झाला. पदरी लहानगी मनोरमा, आणि वय अवघं २३!

बघा, जुन्या श्रद्धेचा आधार सुटला होता, तरी देवाचा शोध त्यांनी सोडला नाही. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. यावरून इकडे खूप टीका झाली. १८८९ मध्ये त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं, पण १८९३ मध्ये धर्मांतराच्या शंकेने अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तरीही काम थांबलं नाही.

१८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. ज्या भुकेने आपलं घर नेलं, तिच्याच तोंडातून त्यांनी दुसऱ्यांच्या लेकी सोडवल्या. केडगावला प्रार्थनेबरोबर शिक्षण, विणकाम, छपाई अशी कामं चालायची. त्यांच्या लेखी तीसुद्धा देवाची सेवाच होती.

साध्या बायकांनाही समजावं म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करायला घेतलं. हे काम चालू असतानाच १९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक लेक, कामातली उजवा हात! स्वतःची तब्येतही खालावलेली. तरी रमाबाईंनी भाषांतर पूर्ण केलं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचं निधन झालं.

दुःख टळावं म्हणून देवाला भजणं वेगळं आणि दुःख समोर असताना भजणं वेगळं. रमाबाईंनी दुसरी वाट धरली. त्यांनी अश्रू नाकारले नाहीत, पण हातातलं कामही खाली ठेवलं नाही.

आपल्या वर्गातही आई किंवा वडील गमावलेलं एखादं लेकरू असतं. हे चरित्र सांगताना त्याला 'रडू नकोस' म्हणू नका. त्याच्याजवळ बसा, त्याला झेपेल असं छोटंसं काम द्या. धर्म कोणताही असो, एवढं आपल्याला नक्कीच जमेल.